व्हॅलोरंट: हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग बघताना नेमकं काय बघायचं?

जुळे_सोलापूर_पाच

नमस्कार मंडळी. व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाचच्या गोळीबाराच्या गेमची आमची पाच जणांची टीम आहे, सगळे गोल्ड ते प्लॅटिनम या रँकच्या दरम्यान. दोघांकडे घरी पीसी आहे, एकाकडे लॅपटॉप, उरलेले दोघे सात रस्त्याजवळच्या कॅफेतून खेळतात. गड्डा यात्रा उरकली की कॉलेजांच्या फेस्टमधल्या स्पर्धा लागतात, त्यांची तयारी चालू आहे.

मॅच रेकॉर्ड करतो, रात्री कॉलवर बसून बघतो. पण चाळीस मिनिटं बघून हाती लागतं ते एवढंच: 'एम (नेम) कमी पडला' नाहीतर 'साथ मिळाली नाही'. तर विचारायचं असं:

एक, रेकॉर्डिंगमध्ये काय बघायचं आणि किती? दोन, चूक कोणाची यावरून वाद होतो, तो कसा टाळायचा? तीन, लॅपटॉपवाला प्रत्येक वेळी 'नेट अडकलं' म्हणतो, ते खरं की खोटं कसं तपासायचं? आणि चार, चूक कळते, वहीत लिहितो, तरी पुढच्या मॅचला तीच होते. ती मोडायची कशी?

---

स्मोक_आधी

अख्खी मॅच बघायची नाही. २० ते २४ राउंड बघताना शेवटी शेवटी लक्ष राहत नाही आणि तेव्हाच 'एम कमी पडला' असं म्हणून विषय मिटवला जातो. चार राउंड निवडा: पाचास चार अशी आघाडी असताना हरलेला एक, स्पाइक (हल्ला करणाऱ्यांनी लावायचा बॉम्ब) लावल्यानंतर हरलेला एक, समोरचे पिस्तुलावर असताना हरलेला एक, आणि जिंकलेला पण शेवटच्या माणसावर गेलेला एक. जिंकलेला राउंड सोडू नका. एकटा माणूस तिघांवर धावून गेला आणि नशिबाने तिघे पडले, तर स्कोअरबोर्डवर तो हिरो दिसतो, पण निर्णय चुकलेलाच असतो. उलट बाजूने, निर्णय बरोबर असूनही राउंड जातो. निकाल आणि निर्णय हे वेगवेगळे तपासायची सवय लागली की निम्मं काम झालं.

आता बघायची पद्धत. जिथे मेलात तिथून १० सेकंद मागे जा आणि थांबवा. पुढचं चालवण्याआधी मोठ्याने उत्तरं द्या: मिनिमॅपवर (पडद्यावरच्या छोट्या नकाशावर) आपले कोण कुठे आहेत? समोरचे शेवटचे कुठे दिसले किंवा ऐकू आले? दोन्हीकडे जिवंत किती? घड्याळात किती सेकंद उरलेत? मग कागदावर लिहा की इथे तुम्ही काय करायला हवं होतं. त्यानंतरच प्ले दाबा. लिहिलेलं आणि केलेलं वेगळं निघालं, तर ती निर्णयाची चूक. सारखंच निघालं आणि तरी मेलात, तर समोरचा चांगला खेळला किंवा हात कमी पडला. त्यावर रात्र घालवू नका.

आमच्याकडे चुकांना सहा खाती ठेवतात: माहिती, जागा, वेळ, हात, पैसा, बोलणं. प्रत्येक मरणाला एकच खातं द्यायचं, दोन नाही. एकच निवडायचं म्हटलं की मूळ कारण शोधावं लागतं.

'हात' या खात्यावर जरा थांबतो, कारण लोक सगळं तिथेच टाकतात. शत्रू पडद्यावर पहिल्यांदा दिसला त्या फ्रेमवर व्हिडिओ थांबवा आणि तीन गोष्टी बघा. क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर होता का? जमिनीकडे किंवा भिंतीला चिकटलेला असेल, तर गोळीबाराच्या आधीच लढाई अर्धी गेलेली असते. ही हाताची नाही, चालण्याची सवय आहे आणि ती डेथमॅचमध्ये (मेलं की लगेच पुन्हा जिवंत, अशा सरावाच्या मॅचमध्ये) सुधारते. दुसरं, पहिली गोळी सुटली तेव्हा पाय थांबले होते का? रायफलने चालता चालता मारलेली गोळी कुठेही जाते. दिशेचं बटण सोडून, थांबून, मग गोळी. तिसरं, अंतर किती होतं? पूर्ण ढालीसह माणसाचं आयुष्य १५०. व्हँडल या रायफलचा हेडशॉट कुठल्याही अंतरावर १६०, म्हणजे एकात खेळ संपला. फँटम या दुसऱ्या रायफलचा जवळून १५६, पण लांबून १४०. म्हणजे लांब गल्लीत फँटमने बरोबर डोक्यात मारूनही समोरचा १० आयुष्यावर उभा राहतो. असं झालं तर एमला दोष देऊ नका. त्या गल्लीसाठी बंदूक चुकली किंवा त्या बंदुकीसाठी गल्ली चुकली. नोंद 'जागा' खात्यात.

या तिन्ही बरोबर असून गोळी लागली नाही, तरच 'हात'. प्रामाणिकपणे मोजलं तर हे खातं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच लहान निघेल.

'पैसा' (गेममध्ये बंदुका घ्यायला मिळणारे क्रेडिट्स) तर वही-पेन्सिलचा हिशेब आहे, त्यात मत चालत नाही. पिस्तुलाचा राउंड हरला की १९००, लागोपाठ दुसरा हरला की २४००, तिसऱ्यापासून २९००. जिंकल्यावर ३०००. किलचे २००, आणि स्पाइक लावली की हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला ३०० जास्त. समजा पहिला राउंड हरलात, खिशात काही उरलं नाही. दुसऱ्या राउंडला हातात १९००. काहीच न घेता हरलात तर तिसऱ्याला ४३००: रायफल २९००, मोठी ढाल १०००, वर ४०० क्षमतांना (स्मोक, फ्लॅश वगैरे). पण दुसऱ्या राउंडला एकाने 'थोडंसंच' म्हणून हजार खर्च केले, तर त्याच्याकडे ३३०० उरतात आणि तिसऱ्या राउंडला चौघे रायफलवर, एक अर्धवट. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती मिळतील ते लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये खरेदीची ३० सेकंदं पळवू नका, तो आकडा बघितला गेला होता का ते तपासा.

एक आकडा बऱ्याच जणांना माहीत नसतो: हल्ला करताना स्पाइक न लावता राउंड हरलात आणि जिवंत राहिलात, तर १९०० किंवा २९०० नाही, फक्त १००० मिळतात. बचाव करताना स्पाइक फुटली आणि तुम्ही वाचलात तरी तेच. म्हणजे स्वस्त पिस्तूल वाचवण्यासाठी लपून बसणं हा तोट्याचा सौदा आहे. ४७०० चं ऑपरेटर (स्नायपर बंदूक) किंवा ढालीसकट रायफल असेल तरच वाचवा.

---

हेडशॉट_होटगीरोड

वरचं सगळं ठीक, पण गोल्डमध्ये एवढी वही कशाला? रोज रेंजमध्ये (गेममधल्या नेमबाजीच्या सरावाच्या जागी) अर्धा तास आणि दोन डेथमॅच खेळले की प्लॅटिनम येतंच. चुकांचा अभ्यास डायमंडनंतर करावा.

---

स्मोक_आधी

भाऊ, रेंज हवीच, त्यात दुमत नाही. पण रेंजमधला बॉट समोर उभा राहतो, पाचास तीन असताना विनाकारण कोपऱ्यातून बाहेर येण्याची सवय तो मोडत नाही. आणि डेथमॅचमध्ये मरण फुकट असतं, लगेच पुन्हा जिवंत. तिथे नुसता वेळ घालवला तर बाहेर डोकावण्याची खोड उलट पक्की होते. डेथमॅचला जाताना एकच काम ठरवून जा, उदाहरणार्थ 'आज क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर', आणि किल किती झाले ते बघूच नका.

---

एमआयडीसी_पिंग

नेटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हे तपासता येतं, यात वाद घालायचं काही कारणच नाही.

सेटिंग्जमध्ये व्हिडिओच्या खाली स्टॅट्स आहे. तिथे क्लायंट एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) आणि नेटवर्क आरटीटी (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) या तिन्हींना आकडा व आलेख दोन्ही चालू करा. मग रेकॉर्डिंगमध्ये मरणाच्या क्षणी ते आकडे व्हिडिओतच दिसतात. पॅकेट लॉस शून्य, आरटीटी सरळ रेषेत आणि एफपीएस नेहमीचा असेल तर नेटचं कारण बाद. आलेखात टोक दिसलं तर नेट खरंच अडकलं, आणि त्या मरणाला कुठलंच खातं द्यायचं नाही.

आता पिंगचा, म्हणजे त्या जाऊन यायच्या वेळेचा, अंदाज. मुंबईचा सर्व्हर धरला तर सोलापूर ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जायला २ आणि यायला २, असे ४ मिलिसेकंद फक्त अंतराचे. केबल सरळ रेषेत जात नाही, मधे यंत्रणा असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या काही पट जास्त दिसतं. पण ७०-८० दिसत असेल तर तो अंतराचा दोष नाही. आधी बघा, सर्व्हर सिंगापूरचा तर निवडलेला नाही ना. मग वाय-फाय सोडून लॅन केबल लावून बघा. केबलने आकडा सुधारला तर दोष घरातला आहे: राउटर दुसऱ्या खोलीत, किंवा २.४ गीगाहर्ट्झवर शेजारच्या दहा राउटरांची गर्दी. केबल ओढणं शक्य नसेल तर ५ गीगाहर्ट्झ आणि त्याच खोलीत राउटर. केबलनेही तसाच राहिला तर कंपनीला तक्रार करताना हाच आलेख दाखवा.

लॅपटॉपचं दुसरं दुखणं म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असताना लॅपटॉप गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतो, आणि खेळणाऱ्याला ते 'नेट अडकलं' असंच वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या पाच राउंडांत एफपीएस चांगला आणि वीस मिनिटांनी उतरला, तर उष्णता. स्मोक-फ्लॅश फुटले की प्रत्येक वेळी उतरतो, तर ग्राफिक्स झेपत नाहीत, क्वालिटी कमी करा. उष्णतेसाठी: चार्जर लावूनच खेळायचं, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलायची, जाळीतली धूळ काढायची आणि एफपीएसला मर्यादा घालायची. २०० वरून ७० वर आपटणाऱ्या एफपीएसपेक्षा सतत १२० केव्हाही बरा, कारण हाताला एकच वेग सवयीचा होतो.

कॅफेवाल्या दोघांसाठी रेकॉर्डिंगचं. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ७२० पी, ६० फ्रेम, बिटरेट ६०००, एन्कोडर ग्राफिक्स कार्डाचा निवडा, प्रोसेसरचा नको, नाहीतर गेमच अडखळेल. या बिटरेटला मिनिटाला ४५ एमबी, म्हणजे ४० मिनिटांची मॅच १.८ जीबी. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. मधेच लाइट गेली तर एमपी४ बहुतेक उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंत शाबूत राहते. रेकॉर्डिंग थेट पेन ड्राइव्हवर नको, आधी हार्ड डिस्कवर, मग कॉपी. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या. आणि बऱ्याच कॅफेंमध्ये पीसी रीस्टार्ट झाला की सगळं पुसलं जातं, तेव्हा उठण्याआधी कॉपी.

गेममध्ये आता स्वतःचा रिप्लेही आहे. इतरांच्या डोळ्यांनी राउंड बघायला तो फारच उपयोगी. तरी ओबीएस सोडू नका, कारण टीमचं बोलणं त्यात सापडतं, आणि पाच जणांच्या टीममध्ये निम्म्या चुका बोलण्यातच असतात. ओबीएसमध्ये गेमचा आवाज, माइक आणि कॉल वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले तर नंतर बंदुकांचा आवाज बंद करून नुसतं बोलणं ऐकता येतं.

---

रिटेक_काकू

बोलण्यावरून पुढे जाते. बाळांनो, वाद टाळायचा तर एक नियम करा: ज्याचा राउंड चालू आहे तो आधी बोलणार, बाकीचे चौघे गप्प. त्याने स्वतः खातं सांगायचं. मग बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त आपल्याकडे असलेली माहिती सांगायची: 'मला बी मेनमध्ये पावलं ऐकू आली होती, मी बोललो नाही.' बहुतेक वेळा इथेच उलगडा होतो. जो मेला त्याची चूक 'जागा' वाटत असते, आणि खरी चूक दुसऱ्याच्या 'बोलणं' खात्यात निघते. एकूण अर्धा तास, त्याच्या वर नाही. आणि हरल्या हरल्या लगेच बसू नका. जेवा, भाकरी-चटणी पोटात जाऊ द्या, मग बसा.

रेकॉर्डिंगमधलं बोलणं असं तपासा. मेल्यावर माणसाने तीनच गोष्टी सांगायच्या: कुठे, किती, किती आयुष्य उरलंय. 'हेवनमध्ये (साइटवरच्या उंच जागेत) एक, ८४ मारले.' झालं, पुढे शांतता. मेलेला माणूस 'अरे कसा काय मेलो, बघ ना बे' असं पाच सेकंद बोलत राहिला, तर जिवंत माणसाला पावलं ऐकू येत नाहीत. मेल्यानंतर जो कोणी जागा-संख्या-आयुष्याखेरीज काही बोलला त्याची नोंद ठेवा. पहिल्या आठवड्यात ती यादी लांबलचक होईल, होऊ द्या.

'डावीकडे', 'मागे', 'इथे' हे शब्द बंद. डावी कोणाची? सोलापुरात एकाच टीममध्ये एक जण मराठीत ओरडतो, दुसरा कन्नडात, तिसरा तेलुगूत, आणि घाईच्या क्षणी प्रत्येकाला आपलीच भाषा सुचते. त्यात काही वाईट नाही, पण जागांची नावं सगळ्यांची एकच हवीत. मिनिमॅपवर जे नाव छापलेलं आहे तेच. असेंट या मॅपवर खेळत असाल तर मार्केट, कॅटवॉक, ए मेन, बी मेन ही नावं रिकाम्या कस्टम मॅचमध्ये चालत चालत म्हणून पाठ करा. हेवन नावाच्या मॅपवर तीन साइट (स्पाइक लावायच्या जागा) आहेत, तिथे 'साइटवर आले' म्हणण्याला काहीच अर्थ नसतो.

आणि तुमचा चौथा प्रश्न, चूक परत परत होते तो. वहीत 'डोकावायचं नाही' असं लिहिलं तर काहीच बदलत नाही, कारण खेळताना ते आठवायला जागाच नसते. चूक अशी लिहा की तिला सुरुवात असेल: 'अमुक झालं की तमुक करायचं.' स्पाइकचं उदाहरण घेऊ, कारण गोल्डमध्ये सर्वांत जास्त राउंड इथे फुकट जातात.

स्पाइक लावायला ४ सेकंद, फुटायला ४५. काढायला (निकामी करायला) ७, आणि साडेतीन सेकंदांवर अर्धी निघते, ती अर्धी टिकते. म्हणजे स्पाइक लागून ३८ सेकंद झाल्यावर कोरी स्पाइक कोणालाच काढता येत नाही. आधी अर्धी काढलेली असेल तर ४१.५ सेकंदांपर्यंत. वेळ तुमच्या बाजूने चालली आहे, शोधायला त्यांनी यायचं आहे. असं असताना टीम काय करते? उरलेल्या दोघांची शिकार करायला निघते, एकेक करून मरते. मग वहीत वाक्य असं: 'स्पाइक लागली की दोघांनी एकमेकांना दिसेल अशी जागा धरायची, काढायचा आवाज आल्याशिवाय कोपरा सोडायचा नाही.' खोटा आवाज काढून तुम्हाला बाहेर बोलावतील, हे खरं. म्हणून पहिल्या आवाजाला एकानेच बघायचं, दुसऱ्याने जागेवर. आणि अर्धी निघेपर्यंत वाट बघायची नाही.

हे अंगात मुरवायचं कस्टममध्ये. दोन हल्ल्याला, दोन बचावाला, पाचवा बघून नोंद घेणार. स्पाइक लावून सुरुवात, दहा वेळा, मग बाजू बदल. एका फेरीला साधारण दीड मिनिट धरलं तर दहा फेऱ्यांना पंधरा मिनिटं लागतात. मॅच खेळून असे दहा प्रसंग मिळायला तुम्हाला दोन-तीन मॅच लागतील.

मग एक आठवडाभर फक्त हाच नियम मोजा. स्पाइक किती वेळा लागली, नियम किती वेळा मोडला. दुसऱ्या चुका दिसतील, त्यांना हात लावू नका. दहात एकदाच मोडायला लागला की पुढचा नियम घ्या. या काळात माऊसची सेन्सिटिव्हिटी, क्रॉसहेअर, एजंट यांतलं काही बदलायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

---

एरंगेल_पार्कचौक

बीजीएमआय या मोबाइल गेमवाल्यांनाही हेच लागू. तिथे डेथ रिप्ले चालू ठेवा, मारणाऱ्याच्या बाजूने आपण किती उघड्यावर होतो ते दिसतं. मोजायला सोपी चूक: एकाला नॉक केलं (पाडलं) की लगेच त्याची सामानाची पेटी लुटायला धावणं. फर्स्ट एड किटला ६ सेकंद लागतात आणि ते आयुष्य ७५ पर्यंतच नेतं. लढाईनंतर आधी ती ६ सेकंदं आणि बंदूक भरणं, मग पेटी. गोळ्यांचा आवाज ऐकून तिसरी टीम निघालेली असते.

---

जुळे_सोलापूर_पाच

मनापासून आभार. खाती आज रात्रीपासूनच सुरू करतो. एक शंका: आमचा ड्यूलिस्ट साइटवर सगळ्यांत आधी घुसतो आणि जवळजवळ प्रत्येक राउंडला आधी मरतो. त्याचं प्रत्येक मरण चुकीत धरायचं का? तो वैतागलाय.

---

स्मोक_आधी

नाही, त्याच्या मरणावरून त्याला तोलू नका. आधी घुसणाऱ्याने मरणं हे त्याच्या कामातच आहे. बघायचं एवढंच की बदला लागला का. तो पडल्यापासून तीनेक सेकंदांत मारणारा पडला, तर राउंड चारास चार झाला, त्याचं काम झालं, वहीत काही लिहायचं नाही. बदला लागला नाही तर तो पडला त्या फ्रेमवर थांबवा आणि मिनिमॅपवर त्याचा ठिपका आणि दुसऱ्याचा ठिपका बघा. दुसरा अजून दारामागे असेल, हातात सुरी असेल किंवा क्षमता फेकत असेल, तर नोंद दुसऱ्याच्या 'वेळ' खात्यात. दुसरा पाठीशीच होता, पण फ्लॅश फुटायच्या आधी किंवा स्मोक पसरायच्या आधी हा आत गेला, तर नोंद याच्या 'वेळ' खात्यात. आणि दोघे बरोबर होते, पण समोरच्याने दोघांनाही एका कोपऱ्यातून टिपलं, तर तो कोपरा कोणी तपासायचा हे ठरलंच नव्हतं. मग नोंद 'बोलणं' खात्यात, आणि ती पाचही जणांच्या नावावर.

त्याला घुसण्याआधी 'तीन, दोन, एक' मोजायला लावा आणि दुसऱ्याने 'आहे' म्हटल्याशिवाय पाऊल टाकू देऊ नका. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा 'आहे' ऐकू येतोय का ते बघा.